पोर कोण, लहान कोण?

पर्यावरण हा विषय मराठीच्या प्राध्यापकाच्या वाट्याला का यावा, असा प्रश्न माझ्या घरी आणि आमच्या विभागात अनेकदा विचारला गेला आहे. त्याचे खरे उत्तर अगदी साधे आहे. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर निकाल देताना सांगितले, की पर्यावरण हा विषय या देशातल्या शाळा-महाविद्यालयांतून सक्तीने शिकवला गेला पाहिजे. त्या खटल्याच्या पाठपुराव्यातूनच पुढे पदवीच्या वर्गांना सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आला. न्यायालयाने विषय दिला, विद्यापीठाने पुस्तक दिले. शिकवायला माणूस मात्र कुणीच दिला नाही. मग ज्याच्या तासिका कमी भरतात त्याच्या नावापुढे तो विषय लिहिला जातो. मराठी घेणारी मुले हल्ली किती उरली आहेत, हे दिवाळी अंकाच्या वाचकाला मी सांगायला नको. तेव्हा ज्ञानेश्वरीवरून उठून मी ओझोनच्या थरावर जाऊन बसतो, इतकेच.

पण एकदा विषय गळ्यात पडला की त्याच्याशी संसार करावाच लागतो. मी पुस्तक मन लावून वाचले. त्यात वाघ आहे, हत्ती आहे, माळढोक आहे. मासा मात्र प्राण्यांच्या प्रकरणात सापडेना. शोधता शोधता तो 'अन्नसंपत्ती' या मथळ्याखाली सापडला. म्हणजे वाघ हा प्राणी आणि मासा हे कालवण! पुस्तकाला तरी कशाला नावे ठेवू? आम्हां पनवेलकरांचा हिशोबही तोच आहे. पर्यावरणाची सहल म्हटली की आम्ही मुलांना कर्नाळ्याला नेतो. १९६८ पासून ते पक्षी अभयारण्य आहे, शहरापासून जवळ आहे, आणि पक्षी दिसला नाही तरी किल्ला दिसतोच. मासळीबाजार त्याहून जवळ आहे. पण तिथे सहल नेण्याची कल्पना कुणाला सुचत नाही. तिथे आपण पिशवी घेऊन जातो, वही घेऊन नव्हे.

वास्तविक पनवेल हे खाडीकाठचे गाव. इथल्या बंदरात एके काळी गलबते लागत. आज त्या खाडीवरून विमाने जाण्याची व्यवस्था झाली आहे. विमानतळासाठी डोंगर सपाट झाला, नदीचा प्रवाह वळवला गेला, गावे उठली. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली, आणि गाव म्हणवून घेण्याची आमची शेवटची सोयही गेली. माझ्या वर्गात गव्हाण, उलवे, तळोजा अशा बाजूंची मुले येतात. त्यांत आगऱ्यांची असतात, कोळ्यांची असतात. वडिलांचा व्यवसाय विचारला की बहुतेक जण "बिझनेस" म्हणून मोकळे होतात. कसला, ते सांगत नाहीत. डब्यात सुकी मासळी असली तर वर्गाबाहेर जाऊन खातात. ज्या घरात खाडीचे ज्ञान चार-चार पिढ्या मुरलेले आहे, त्या घरातले मूल खाडीचे नाव निघाले की मान खाली घालते, ही गोष्ट मला ओझोनच्या थराला पडलेल्या भोकाइतकीच गंभीर वाटते.

या विषयात प्रकल्पाची एक वही असते. ती सहसा पाठच्या वर्षीच्या वहीवरून उतरवतात. उतरवणाऱ्याची पुण्याई असेल तर वर्ष तेवढे बदललेले असते. त्या वह्या तपासून तपासून कंटाळा आला, तेव्हा एका वर्षी मी सांगितले, की झाडे लावा, पाणी वाचवा ही चित्रे आता पुरेत. महिनाभर घरात किंवा बाजारात जी मासळी दिसेल ती पट्टीने मोजा आणि लिहून आणा. जे शाकाहारी असतील त्यांनी शेजाऱ्यांची मोजावी.

या उद्योगाला सरकारचाच आधार होता. २०२३ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा म्हणून मान दिला. पुढे दोनच महिन्यांत, नोव्हेंबरात, चोपन्न जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली आणि त्याहून लहान मासा धरू नये असे जाहीर केले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने अभ्यास करून सुचवलेली ही मापे आहेत. त्यांमागचा विचार आपल्या आजीलाही पटावा असा आहे. मासा निदान एकदा तरी प्रजननाच्या वयाला पोचावा, मग जाळ्यात यावा. ज्याला पहिले पान फुटायचे आहे ते रोप उपटून भाजी कोण करतो? पापलेटचे माप ठरले १३५ मिलिमीटर, बांगड्याचे १४०, बोंबलाचे १८० आणि घोळीचे ७००. माझ्या मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी १५ सेंटिमीटरची, म्हणजे दीडशे मिलिमीटरची असते. पापलेट आणि बांगडा त्या पट्टीत मावतात, बोंबलाला मात्र मोठी पट्टी लागते. मला वाटले, पर्यावरणाचा इतका सोपा धडा दुसरा नसेल. पट्टी लावा आणि पास-नापास ठरवा.

हा सोपेपणा दुसऱ्याच तासाला संपला. मागच्या बाकावर बसणारी गव्हाणकडची एक मुलगी उभी राहिली. तोवर तिने वर्गात हजेरीपलीकडे शब्द उच्चारलेला नव्हता. ती म्हणाली, "सर, जवळा कसा मोजायचा?"

वर्ग हसला. जवळ्याचा एक एक जीव पट्टीवर ठेवून मोजणारा विद्यार्थी सर्वांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला असावा. पण तिचा प्रश्न विनोदाचा नव्हता. ती पुढे म्हणाली, "जवळा लहान असतो, पण तो पोर नसतो. तो तेवढाच होतो. मांदेली पण तशीच, ती काही सुरमईएवढी होणार नाही. पापलेट तळहाताएवढं असलं तर ते पोर. लहान कोण आणि पोर कोण, ते आधी कळायला पाहिजे ना?"

मी तीस वर्षे मराठी वाचतो आहे आणि निम्म्याहून अधिक वर्षे शिकवतो आहे. 'लहान' आणि 'पोर' या दोन शब्दांतला भेद मला कुणी इतक्या नेमकेपणाने सांगितला नव्हता. सगळे मत्स्यशास्त्र त्या एका वाक्यात होते. तिला ते पुस्तकाने शिकवलेले नव्हते. आजीच्या पाटीपाशी बसून मासळी निवडताना ते तिच्या हातात आले होते. वर्गाचे हसू थांबले. त्या तासाचा उरलेला वेळ ती बोलली आणि मी फळ्यावर लिहिले.

तिने सांगितले ते असे. खाडीत आणि किनाऱ्याजवळ डोल लावतात. डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड पसरून बसलेली जाळ्याची मोठी पिशवी. तिच्या शेपटाला खोला म्हणतात, तिथे मासळी साठते. जवळा धरायचा तर खोल्याची घरे बारीकच लागतात. पण पाण्याला काय कळते? जवळ्याबरोबर पापलेटची पोरे येतात, बोंबलाची येतात, कोळंबीची येतात. खोला वर ओढेपर्यंत त्यांतली बहुतेक मेलेली असतात. "ती परत टाकली तर कायदा खूश होईल," ती म्हणाली, "पापलेट जिवंत होणार नाही."

पट्टी हातात घेऊन मी जो धडा सोपा समजत होतो त्याचे खरे रूप हे असे आहे. माप मासळीचे घेऊन भागत नाही. घर किती मोठे, जाळे कुठे लावले, कुठल्या महिन्यात लावले, याचेही माप घ्यावे लागते. जाळ्याच्या त्या घराला सरकारी मराठीत 'आस' म्हणतात. ट्रॉलरच्या जाळ्याला शेपटाकडे किमान चाळीस मिलिमीटरचे चौकोनी आस हवे, असा नियम आहे. पोर निसटून जावे म्हणून जाळ्यात ठेवलेल्या जागेला 'आस' हाच शब्द असावा, हे पाहून माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराला नियमातही काव्य दिसू लागते. व्युत्पत्ती कदाचित वेगळीच असेल, पण अर्थ चपखल बसतो.

मापाचा आणखी एक पेच आमच्या रायगडच्या लाडक्या माशात आहे. जिताडा! पेण-अलिबागकडे तो तळ्यात वाढवतात, आणि पाहुण्याला जिताडा खाऊ घातला की यजमानाची कॉलर ताठ होते. हा मासा आयुष्याच्या पूर्वार्धात नर असतो. काही वर्षे नर म्हणून काढल्यावर तो मादी होतो. म्हणजे लहान जिताडे सगळे धरले तर पुढे मादी व्हायला कुणी उरत नाही, आणि मोठमोठे तेवढे निवडून धरले तर आहेत त्या माद्या संपतात. मुलांना हे सांगितले तेव्हा एक जण म्हणाला, "सर, मग खायचा कुठला?" प्रश्न रास्त होता. मधला खावा आणि थोडा खावा, एवढेच उत्तर मला देता आले. पोराला सोडावे तसे पणजीलाही सोडावे.

पण त्या तासाला सर्वांत अवघड प्रश्न उलव्याकडच्या एका मुलाने विचारला. त्याचे काका मोठ्या बोटीवर खलाशी. तो म्हणाला, "आम्ही सोडली, तर मागून येणारी बोट घेईल. मग आम्हीच का सोडायची?"

या प्रश्नापुढे सुविचार उपयोगी पडत नाही. समुद्राला कुंपण नाही, सातबारा नाही. शेतकरी बियाणे राखून ठेवतो, कारण पुढच्या वर्षी ते शेत त्याचेच असते. दर्यात राखून ठेवलेला मासा उद्या कुणाच्या जाळ्यात जाईल हे सांगता येत नाही. म्हणून इथे एकट्याचा शहाणपणा पुरत नाही, सगळ्यांचा मिळून नियम लागतो आणि तो सगळ्यांना सारखा लागू व्हावा लागतो. महाराष्ट्राने सागरी मासेमारीचा कायदा १९८१ मध्ये केला, २०२१ मध्ये तो कडक केला. पर्ससीन जाळी थव्याला वेढा घालून अख्खा थवा उचलतात. त्यांच्यावर २०१६ मध्ये बंधने आली. रात्री पाण्यावर एलईडी दिव्यांचा लखलखाट करून मासळी गोळा करण्याला २०१७ मध्ये केंद्राने बंदी घातली. नियम आहेत. पण त्या मुलाच्या प्रश्नात 'मागून येणारी बोट' आहे तोवर नियम पाळणारा स्वतःला वेडा समजत राहणार. नियम मोडणाऱ्या बोटीला हात लागला, तरच पाळणाऱ्याला आपण शहाणे आहोत असे वाटेल.

आणि हात लागला नाही तर काय होते? कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर न्यूफाउंडलंड म्हणून मुलूख आहे. तिथल्या समुद्रात कॉड नावाचा मासा शेकडो वर्षे इतका मुबलक होता, की तो कधी संपेल असे कुणाच्या मनातही आले नाही. मोठी जहाजे आली, जाळी वाढली. १९९२ च्या जुलैत सरकारला ती मासेमारी बंद करावी लागली. सुमारे तीस हजार माणसांचा रोजगार एका हुकुमाने गेला. बंदी थोड्या दिवसांची समजली गेली होती. ती उठायला २०२४ साल उजाडले. मधल्या काळात एक पिढी जन्मली आणि किनारा सोडून पोटापाठी निघूनही गेली. मासा संपतो तेव्हा त्याच्यामागून गाव संपते, एवढाच याचा अर्थ.

आपल्याकडे लोक म्हणतात, पूर्वी असे नव्हते. नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी होडी पाण्यात घालत नसे, दर्याला नारळ दिल्याशिवाय जाळे टाकत नसे. खरे आहे. पण त्यातही थोडे नीट पाहावे. शिडाची होडी पावसाळी दर्यात जाऊच शकत नव्हती. तेव्हा दर्या आपला पोलीस आपणच होता. वाऱ्याने दार लावले होते आणि माणसाने त्या बंद दाराला नमस्कार करून त्याचा सण केला, हे आपल्या पूर्वजांचे शहाणपण. पुढे होडीला इंजिन बसले आणि ते दार लोटून उघडता येऊ लागले. जे काम वारा करत होता ते आता कायद्याला करावे लागते. १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक बोटींना समुद्र बंद असतो. पूर्वी आपल्या राज्याच्या नियमातच नारळी पौर्णिमेचे नाव होते: ती पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, जे आधी येईल तोवर बंदी. आता पश्चिम किनाऱ्याला तारीख सरसकट झाली. २०२३ साली अधिक श्रावणामुळे नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली. कायद्याचा समुद्र १ तारखेलाच उघडला होता, नारळाचा समुद्र महिनाभर मागे राहिला. त्या महिन्यात थांबलेले म्हातारे कोळी अडाणी आणि पहिल्या दिवशी गेलेले सुशिक्षित, असे कुणी म्हणेल का?

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. पर्यावरणाचे शिक्षण म्हटले की आपण कोळ्याला समोर बसवतो आणि त्याला सांगतो, पोरे धरू नकोस. त्याने धरू नयेत हे खरेच. पण पोरे वाढतात कुठे? खाडीतल्या तिवरांच्या मुळांशी, गढूळ उथळ पाण्यात. तो पाळणाघराचा भाग मात्र कोळ्याने बुजवलेला नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय हरित लवादाने एक निकाल दिला. बंदराच्या विस्ताराने आणि भरावाने ज्यांची मासेमारी गेली त्या उरण, हनुमान, बेलपाडा आणि गव्हाण या चार कोळीवाड्यांतल्या १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यावी, असा तो आदेश होता. २०१७ च्या ऑगस्टात तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत निळे कुत्रे फिरताना दिसले आणि त्यांची छायाचित्रे जगभर छापून आली. कुत्रा निळा झाला म्हणून लोकांना दिसला. पाण्यातल्या जिवाचे छायाचित्र कोण काढतो? तेव्हा कोळ्याच्या खोल्याला पट्टी लावणाऱ्याने भरावाच्या डंपरलाही पट्टी लावली पाहिजे. नाहीतर मुले आपले शिक्षण ऐकून घेतील, मनात हसतील, आणि त्यांचे हसणे बरोबर असेल.

आणि तिसरी पट्टी आपल्या ताटाला लावायची. मुलांनी आणलेल्या वह्यांत ही गोष्ट मला फार ठळक दिसली. अनेकांनी लिहिले होते, की बाजारातली लहान पापलेटे घरांपेक्षा खाणावळींकडे अधिक जातात. कारण तिथे अख्खे पापलेट ताटात मावावे लागते आणि त्याचा दर गिऱ्हाइकाला झेपावा लागतो. म्हणजे राज्यमाशाचे वय आता बशीच्या व्यासावरून ठरू लागले आहे! एका मुलाने पट्टी घेऊन मोजायला सुरुवात केली, तेव्हा कोळीण त्याला म्हणाली, "माप काय घेतोस, भाव कर." त्याने तिचे वाक्य निष्कर्षाच्या रकान्यात तसेच लिहून ठेवले. मी त्याला पूर्ण गुण दिले.

त्या वह्या वाचल्यानंतर मीही माझ्या नेहमीच्या मावशींना विचारले. पाटीत बोटभर पापलेटांचा ढीग होता. म्हटले, "मावशी, ही पोरं कशाला आणता?"

त्यांनी माझ्याकडे वर पाहिलेदेखील नाही. कोयत्याने बोंबील साफ करता करता म्हणाल्या, "तुमी घेता म्हनून."

न्यायालयाने १९९१ साली सांगितले, विद्यापीठाने सहा महिन्यांत बसवले, आणि मावशींनी ते तीन शब्दांत संपवले. त्या दिवशी मी बोंबील घेतले, चांगले लांब. पापलेट मोठे आणाल तेव्हा घेईन म्हणालो. त्या म्हणाल्या, "मोठा म्हावरा महाग पडल." पडू दे. महिन्यातून चारदा घेण्याऐवजी एकदा घेऊ. एका घराने पापलेटचे काय भले होणार, हे मला कळते. पण मागून येणाऱ्या बोटीचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला उत्तर द्यायचे, तर मागून येणाऱ्या गिऱ्हाइकाचे निमित्त मला सांगता येणार नाही.

मराठीच्या प्राध्यापकाने पर्यावरण का शिकवावे, याचे एक उत्तर मला आता सापडल्यासारखे वाटते. ज्या गोष्टीला आपल्या भाषेत नाव असते तिची आपल्याला ओळख असते, आणि जिची ओळख असते तिच्यावर हात टाकताना माणूस क्षणभर थांबतो. मॉलमध्ये बर्फावर ठेवलेला, डोके-शेपूट कापलेला, केवळ 'फिश' या नावाने विकला जाणारा तुकडा लहान होता की पोर होते, हे कुणालाच कळणार नाही. डोल, खोला, जवळा, मांदेली, निवटी, चिंबोरी या शब्दांच्या आत शेकडो वर्षांचे निरीक्षण बसलेले आहे. कोळ्यांची मुले खाडी सोडून विमानतळावर आणि गोदामांत नोकरीला लागतील. त्यांनी लागावे, त्यांना कुणी अडवू नये. पण जाताना ते शब्द खाडीतच सोडून गेली, तर शास्त्रज्ञांनी कितीही मापे छापली तरी ती वाचून मासा ओळखणारा माणूस उरणार नाही.

जवळ्याचा प्रश्न विचारणारी ती मुलगी पुढल्या तासापासून पहिल्या बाकावर बसू लागली. वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात तिने आधी 'बिझनेस' लिहिले होते. वर्षाअखेरी वही परत करताना पाहिले, तर तो शब्द खोडून तिने तिथे ठसठशीत अक्षरांत लिहिले होते: 'मासेमारी. डोल.'